भिल्ल पलटणीतल्या शिपायाचे नाव चर्चमध्ये घ्यावे का?

प्रश्न : आमच्या मंडळीत दरवर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी युद्धात पडलेल्या सैनिकांचे स्मरण होते. यंदा एका वृद्ध सभासदांनी विचारले, "आमचे खापरपणजोबा धरणगावच्या भिल्ल पलटणीत शिपाई होते. त्यांचे नाव आपण कधीच का घेत नाही?" त्यावर तीन मते पडली. कोणी म्हणाले, ते ख्रिस्ती नव्हते. कोणी म्हणाले, ती इंग्रजांची पलटण होती, तिचा कसला गौरव? आणि कोणी म्हणाले, मेलेल्यांसाठी प्रार्थना करणे आपल्या शिकवणीत बसत नाही. यातले खरे कोणते? मुळात ही पलटण काय होती? — एक वाचक, धुळे जिल्हा

उत्तर : तुमच्या मंडळीतल्या आजोबांनी फार चांगला प्रश्न विचारला आहे. तिन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणून एकेक घेऊन पाहू. पण ज्या शिपायांबद्दल बोलायचे त्यांची ओळख आधी व्हायला हवी. जळगाव-धुळ्याकडे भिल्ल पलटणीचे नाव अनेकांच्या कानावर असते. ती का उभी राहिली हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती गेला. त्याआधीची वीसेक वर्षे या मुलखाने दुष्काळ, लूटमार आणि बेबंदशाही सोसली होती. गावची राखण करून आपला हक्क घेणारे भिल्ल त्या काळात उघड्यावर पडले. गावे ओस पडली तसे हक्कही बुडाले. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याचे डोंगर एवढाच त्यांना आसरा उरला आणि पोटासाठी लुटीवाचून मार्ग राहिला नाही. नव्या सरकारने आधी फौजा धाडल्या. नाईक पकडले, काहींना फाशी दिली. पण डोंगर काही शांत झाले नाहीत.

तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. 1825 मध्ये खानदेशात तीन भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. भिल्लांना जमिनी देऊन वसवायचे, त्यांचे हक्क चालू करायचे आणि त्यांच्यातल्याच तरुणांची एक पलटण उभारायची, असा तो बेत होता. पलटणीचे काम जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे आले आणि तिचे ठाणे झाले आजच्या जळगाव जिल्ह्यातले धरणगाव.

सुरुवातीला भरतीला माणूसच मिळेना. सगळ्यांना एका जागी जमवून मारून टाकण्याचा हा डाव आहे, अशी बोलवा डोंगरात पसरली होती. मागच्या सात वर्षांचा अनुभव पाहता ती भीती अनाठायी म्हणता येणार नाही. आउट्रम भिल्लांबरोबर शिकारीला गेला, पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला, तेव्हा कुठे थोडे लोक पुढे आले. ही पहिली तुकडी मालेगावला नेली तेव्हा नियमित फौजेतल्या वरच्या जातींच्या शिपायांनी तिला हिणवले नाही. उलट आपल्यात बसवून घेतले, खाऊपिऊ घातले, आपुलकीने विचारपूस केली. याचा परिणाम मोठा झाला. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर ठेवले जाई, त्यांना कोणीतरी बरोबरीने वागवले ही बातमी डोंगरात पोचली आणि भरती वाढली. दोन-तीन वर्षांतच पलटण काही शेकड्यांची झाली. पुढे कितीतरी वर्षे तिने घाटवाटा, खजिना, तुरुंग आणि गावे राखली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पोलीस दलात मिळवून टाकली गेली.

आता पहिला आक्षेप : ते शिपाई ख्रिस्ती नव्हते.

हे खरेच आहे. भिल्ल पलटण मिशनऱ्यांनी घडवली असा काहींचा समज असतो, तो चुकीचा आहे. पलटण 1825 ची. खानदेशच्या पश्चिमेकडच्या भिल्ल वस्त्यांत, म्हणजे नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा या बाजूला, स्कँडिनेव्हियन मिशनांचे काम रुजले ते विसाव्या शतकात. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय 1942 चे. त्यामुळे पलटणीतले बहुतेक शिपाई आपल्या कुलदेवतेला आणि डोंगरदेवाला मानणारेच होते. आज त्यांच्या वंशजांपैकी काही ख्रिस्ती आहेत आणि काही नाहीत. एकाच भाऊबंदकीत दोन्ही सापडतात.

पण ख्रिस्ती नव्हते म्हणून स्मरण नको, असा निष्कर्ष यातून निघत नाही. शुभवर्तमानात कफर्णहूमचा एक शताधिपती येतो. तो यहुदी नाही. ज्या परक्या सत्तेने देश ताब्यात ठेवला आहे तिचा तो चाकर आहे. तरीही येशू त्याच्या विश्वासाचे सर्वांसमोर कौतुक करतो आणि असा विश्वास इस्राएलातही आढळला नाही असे बोलून दाखवतो. त्याची पलटण कोणती, त्याचा जन्म कुठल्या कुळातला, हे प्रश्न तिथे आडवे येत नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांतला कर्नेल्य हाही शताधिपतीच. परक्या माणसातला चांगुलपणा उघडपणे मान्य करणे हे ख्रिस्ती मंडळीला नवे नाही, ते तिच्या मुळातच आहे.

एक मर्यादा मात्र पाळायला हवी. दुसऱ्याच्या पूर्वजाचा आदर करताना त्याला मरणोत्तर ख्रिस्ती करून टाकू नये. त्याच्या नावापुढे क्रूस काढू नये, त्याच्या तोंडी आपली श्रद्धा घालू नये. भिल्ल समाजात मृतांसाठी दगड उभारण्याची स्वतःची जुनी रीत आहे. तिची जागा घेण्याचा प्रयत्न मंडळीने करू नये, तिचा मान राखावा.

दुसऱ्या आक्षेपाकडे वळण्याआधी आजोबांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देतो : ही नावे आजवर घेतली का गेली नाहीत? श्रद्धेचा अडसर होता म्हणून ती राहून गेली असे नाही. नावे लिहिण्याची पद्धतच वरच्या हुद्द्यापाशी थांबत होती.

आउट्रमचेच उदाहरण घ्या. 1863 मध्ये तो वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत, राजेराण्यांच्या सोबतीने, पुरला गेला. तिथे त्याचे स्मारक आहे. त्याच्या भिल्ल शिपायांनीही त्याला आपल्या परीने लक्षात ठेवले. त्याच्यासारखी दिसणारी एक लहानशी मूर्ती काही जुन्या शिपायांना सापडली आणि 'आउट्रम साहेब' म्हणून त्यांनी ती पुजली, असे त्याच्या चरित्रात सांगितले आहे. शिपायांनी साहेबाला देवाच्या जागी बसवले. साहेबाच्या चर्चमध्ये शिपायांच्या नावाला जागा झाली नाही.

मुंबईत कुलाब्याला 1858 मध्ये पवित्रीकरण झालेले सेंट जॉनचे चर्च आहे, ज्याला सगळे अफगाण चर्च म्हणतात. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांसाठी ते बांधले गेले. अधिकाऱ्यांची नावे तिथे भिंतीवर कोरली आहेत. साध्या शिपायांबद्दल मात्र, ते इतके होते की सर्वांची नावे लिहिणे शक्य नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, त्या काळची ती सवय होती. पण त्या सवयीमुळे हजारो घरांतला एकेक माणूस नोंदीबाहेर राहिला.

पहिल्या महायुद्धात ही सवय मोडण्याचा मोठा प्रयत्न झाला. 1917 मध्ये स्थापन झालेल्या युद्धस्मृती आयोगाने, म्हणजे आजच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, हुद्दा, वंश, धर्म असा भेद न करता प्रत्येक मृताचे नाव कोरायचे असे तत्त्व ठरवले. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल इथे 1927 मध्ये उभारलेल्या भारतीय स्मारकावर 4,700 हून अधिक नावे आहेत. मात्र युरोपबाहेर हे तत्त्व ढिले पडले. मेसोपोटेमियात मराठा पलटणींसह कितीतरी भारतीय शिपाई मेले. तिथल्या बसरा स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या लिहिली गेली. 2021 मध्ये खुद्द आयोगाच्या चौकशी समितीने हे मान्य केले. किमान 45 ते 54 हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी किमान 1 लाख 16 हजारांची नावे कुठेच कोरली गेली नाहीत, असा तिचा अंदाज होता. त्यांत भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक मोठ्या संख्येने होते. आयोगाने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. तेव्हा तुमचे आजोबा विचारतात तो प्रश्न फक्त खानदेशचा आहे असे समजू नका.

इथे एक गैरसमज दूर करतो. आदिवासींचे सैन्याशी नाते फक्त तिरकमठ्यापुरते आणि बंडापुरते होते असे पुष्कळांना वाटते. पहिल्या महायुद्धात रांचीकडचे मुंडा, उरांव आणि ईशान्येकडचे खासी, लुशाई, नागा असे हजारो लोक मजूर पलटणींत भरती होऊन 1917 मध्ये फ्रान्सला गेले. त्यांनी रस्ते बांधले, लाकूड तोडले, आघाडीमागची सारी अवजड कामे केली. त्यांच्यात ख्रिस्तीही होते आणि नसलेलेही. रांचीच्या तुकड्यांबरोबर मिशनरी गेले होते. हाती बंदूक नव्हती म्हणून त्यांना सैनिक मानायला लोक आजही कचरतात. पण त्यांतले कित्येक परतले नाहीत आणि त्यांच्या कबरी फ्रान्सच्या मातीत आहेत.

स्वतंत्र भारतातले उदाहरण तर अभिमानाचे आहे. लान्स नायक अल्बर्ट एक्का हे आजच्या झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातील जारी गावचे, उरांव आदिवासी आणि ख्रिस्ती घरात जन्मलेले. 1971 च्या युद्धात, डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात, गंगासागरच्या लढाईत त्यांनी शत्रूचे बंकर निकामी केले. जबर जखमी असतानाही गोळ्यांचा वर्षाव करणारी मशीनगन गप्प केली आणि तिथेच प्राण सोडला. वय 28. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांना आगरतळ्याजवळ पुरले गेले. त्या समाधीची माती त्यांच्या गावी यायला चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. देशाचा सर्वोच्च सन्मान मिळालेल्या माणसाच्या बाबतीत हे घडते, तर धरणगावच्या शिपायाचे नाव पुसले गेले यात नवल नाही.

दुसरा आक्षेप : ती इंग्रजांची पलटण होती.

हाही खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ही पलटण उभारली गेली ती डोंगर ताब्यात आणण्यासाठी. तिला आपल्याच भाऊबंदांवर चालून जावे लागले. 1857 मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक यांनी सातपुड्यात आणि भागोजी नाईक यांनी नाशिक-नगरच्या बाजूला शस्त्र उचलले. यांतले खाज्या आणि भागोजी आधी सरकारच्याच चाकरीत होते. एप्रिल 1858 मध्ये अंबापाणीच्या लढाईत कंपनीच्या फौजेने भिल्लांना मोडले आणि धरलेल्यांतल्या अनेकांना गोळ्या घातल्या. तेव्हा पलटणीचे स्मरण करताना अंबापाणी विसरायचे, असा सौदा कोणी करू नये.

पण शिपायाचा मान म्हणजे साम्राज्याचा गौरव नव्हे. उपाशी घरातला एक तरुण पगारासाठी, जमिनीसाठी, थोड्या इज्जतीसाठी पलटणीत गेला. त्याने घाट राखला, तापाने किंवा गोळीने मेला. त्याला हुकूम कोणी दिला याचा जाब हुकूम देणाऱ्याला विचारावा. त्याच्या श्रमाची आणि मरणाची नोंद मात्र व्हायला हवी.

या बाबतीत पवित्र शास्त्रात फार मोलाचा दाखला आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात दावीद राजाच्या शूर वीरांची यादी आहे. तिच्यातले अगदी शेवटचे नाव उरीया हित्ती याचे आहे. हा माणूस हित्ती, म्हणजे परक्या कुळातला. शिवाय याच राजाने त्याची बायको घेतली आणि त्याला मुद्दाम लढाईच्या तोंडी देऊन मारवले. ती हकीकत त्याच पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात आहे. यादी लिहिणाऱ्याला हे नाव गाळणे सोपे होते. राजाची लाज झाकली गेली असती. त्याने ते गाळले नाही. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली तेव्हाही उरीयाचा उल्लेख राहिलाच.

माझ्या मते तुमच्या सगळ्या वादाचा निकाल या एका यादीत आहे. परक्या कुळातला, राजाने वापरून घेतलेला, अन्यायाने मेलेला शिपाई नावानिशी नोंदला जातो आणि राजाचा अपराधही झाकला जात नाही. शिपायाचा मान आणि सत्तेचा दोष एकाच श्वासात सांगता येतात, हे शास्त्राने केव्हाच दाखवून दिले आहे. भिल्ल पलटणीचे स्मरण याच रीतीने व्हावे. पलटणीतल्या शिपायांबरोबर अंबापाणीला पडलेल्यांचाही उल्लेख व्हावा. दोन्हीकडे एकाच डोंगरातली माणसे होती.

तिसरा आक्षेप : मेलेल्यांसाठी प्रार्थना.

इथे दोन परंपरा वेगळ्या आहेत आणि दोन्हींचा मान राखता येतो. कॅथलिक चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना करतात. 2 नोव्हेंबर हा दिवसच सर्व मृतांच्या स्मरणाचा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत, ज्या खानदेशात पुष्कळ आहेत, मृताच्या आत्म्यासाठी मागणे करण्याची शिकवण नाही. पण सैनिक-स्मरणाच्या रविवारी मागणे मृतासाठी केलेच पाहिजे असे कुठे आहे? पहिले महायुद्ध 11 नोव्हेंबर 1918 रोजी सकाळी अकरा वाजता थांबले, म्हणून त्या सुमारास हे स्मरण होते आणि 1919 पासून दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची प्रथा आहे. प्रोटेस्टंट उपासनेत त्या दिवशी देवाचे उपकार मानतात, मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी आणि शांततेसाठी प्रार्थना करतात. मृताचे नाव घेऊन देवाचे आभार मानायला कोणत्याही मंडळीची हरकत असायचे कारण नाही. तुमच्या पाळकांना याच शब्दांत विचारा, बहुधा वाद तिथेच मिटेल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो.

आधी घरच्यांची संमती घ्या. खापरपणजोबांचे वंशज आज ख्रिस्ती असोत वा नसोत, सगळ्या शाखांना विचारा. जे ख्रिस्ती नाहीत त्यांना उपासनेत नुसते बोलावू नका. त्यांना बोलायला वेळ द्या, आपल्या रीतीने आदर दाखवायचा असेल तर मोकळीक द्या.

नावे गोळा करायला वृद्धांपासून सुरुवात करा. नाव, गाव, हुद्दा, आठवणीतली एखादी गोष्ट, इतके लिहून काढले तरी पुष्कळ. मग कागद शोधा. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पलटणीची हकीकत आहे. मुंबई इलाख्याचे जुने सरकारी दप्तर मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहे. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ खानदेशच्या इतिहासासाठी हक्काचे ठिकाण आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नावांची यादी सर्वांना खुली आहे, पण ती फक्त दोन महायुद्धांची आहे. 1825 च्या पलटणीतला माणूस तिच्यात सापडणार नाही, म्हणून तिथे नाव नाही याचा अर्थ तो शिपाई नव्हता असा काढू नका.

नावे वाचताना हुद्द्याचा क्रम ठेवू नका. सुभेदार आधी आणि शिपाई शेवटी असे केले, तर जुनी सवयच पुढे चालेल. गावांच्या क्रमाने वाचा. ज्याचे नाव हाती लागले नाही त्याच्या गावाचे नाव घ्या.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जे हयात आहेत त्यांच्याकडे पाहा. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या वस्त्यांवर सैन्यातून, निमलष्करी दलांतून, राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले आदिवासी जवान आहेत. त्यांच्या घरी विधवा माता आहेत. माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन, मुलांची शिष्यवृत्ती, ओळखपत्र यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, पण पाड्यावरच्या म्हातारीला तिथवर जाणे, अर्ज भरणे जमत नाही. मंडळीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने तिच्याबरोबर जावे आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा. विधवेची काळजी घेणे ही तर ख्रिस्ती मंडळीची अगदी पहिल्या दिवसांपासूनची जबाबदारी आहे. त्यासाठी प्रेषितांनी सात माणसे नेमली होती. 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन तुमच्या रविवारानंतर महिन्याभराच्या आतच येतो. तेवढ्या दिवसांत अशा घरांची यादी करून कामाला लागता येईल.

तेव्हा आजोबांना सांगा : त्यांच्या खापरपणजोबांचे नाव घेता येते आणि घ्यावे. ते ख्रिस्ती होते असे न म्हणता, कंपनी सरकारने जे केले ते न लपवता, आणि तुमच्या मंडळीची शिकवण न मोडता. पुढच्या नोव्हेंबरसाठी यादीतले पहिले नाव त्यांच्याकडूनच लिहून घ्या.